भागोजींचे दोन ठिपके

महाडच्या स्टँडवर चहा पीत होतो, तेव्हा बिरवाडीचा एक लॉरीमालक सहज म्हणाला, “भागोजी मिस्त्री गेले परवा. ते नाय का, उलट्या गिअरवाले!” आणि हसला. शेजारचे दोघेही हसले. माणूस गेल्याची बातमी आणि त्याच्यावरचा विनोद, दोन्ही एकाच घोटात. ह्याच गृहस्थाची लॉरी भागोजींनी पोलादपूरच्या घाटात, भर पावसात, चिखलात पाठीवर झोपून चालू करून दिली होती. मी हातातली बशी बाकड्यावर ठेवली. चार कडक शब्द सुनावावेत म्हणून तोंड उघडलं... आणि मिटलं. कारण तो विनोद महाडभर पसरवला कोणी, हे त्या बाकड्यावर फक्त मला ठाऊक होतं. मीच.

भागोजी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. वीस वर्षं मुंबईच्या गॅरेजात काढून परतले आणि महाडला आमच्या भातगिरणीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये लॉऱ्या दुरुस्त करू लागले. मी गिरणीमालकाचा मुलगा, म्हणजे रिकामटेकडा. रस्त्याच्या कामावरचा एक गोरा साहेब जाताना आपली दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स गाडी मागे टाकून गेला होता. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. मी ती ढकलत आणली आणि हिला पुन्हा नवी करणार असं गावभर जाहीर केलं. केली अर्थात भागोजींनी. माझं कर्तृत्व एवढंच, की रेडिएटरला रंग फासताना त्याची सगळी भोकं बुजवली आणि ब्रेकच्या तेलाऐवजी गोडंतेल ओतलं. ते कळल्यावर वडील, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, “आता आणखी एक चूक केलीस, तर गाडी भंगारात.” अण्णा बोलले की करत.

त्या गाडीची गिअरची दांडी हातभर लांब. गिअर बदलायचा म्हणजे खांद्यासकट पुढे जायचं, खांद्यासकट मागे यायचं, आणि दर वेळी शेजाऱ्याच्या गुडघ्यावर माझं कोपर. भागोजी म्हणाले, “बापू, घाटात वळणावर वळण हाय. एवढी दांडी हलवेपर्यंत गाडी मागं यायची. हिला लांडी करू.” आता दांडी नुसती कापून भागत नाही. तिच्याखालची सगळी जोडणी नव्याने करावी लागते, तेव्हा कुठे वर बोटभर हलवलं की आत पुरता गिअर पडतो. भागोजींनी लॉरीच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्याचं पोलाद तापवलं, ठोकलं, आणि दोन महिने कानशीने घासून ती जोडणी केली. तिच्यात बोटभर लांबीचा एक आर्म, म्हणजे पोलादी हात, होता. त्याचं टोक खाली हवं. वर राहिलं की दांडी पुढे केल्यावर आतलं सगळं उलट हलतं. दोन्ही बाजूंनी तो सारखाच बसायचा, म्हणून त्यांनी खालच्या बाजूला पंच ठोकून दोन ठिपके मारले. “हे खाली. इसरू नका.”

मी विसरलो नाही. मी त्याहून मोठा पराक्रम केला. दसऱ्याच्या सकाळी ते अंघोळीला घरी गेले असताना मला वाटलं, आज पूजा, गाडी आतूनबाहेरून चकाकली पाहिजे. आर्म काढला आणि पॉलिशपेपरने आरशासारखा घासला. ते दोन ठिपके मला डाग वाटले, तेही घालवले. मग अंदाजाने परत बसवला. भागोजी आले तोवर झेंडूची माळ चढली होती, चाकांपुढे लिंबं ठेवली होती, अर्धा बाजार गोळा झाला होता. मी ऐटीत बसलो, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. त्या गाडीत पहिल्याच्या बरोबर समोर रिव्हर्स! गाडी तीरासारखी मागे गेली आणि गिरणीच्या कोंड्याच्या ढिगात घुसली. लिंबं शाबूत. मी गळ्यापर्यंत कोंड्यात.

अण्णा तरातरा आले. भागोजी खाली वाकले, आर्म पाहिला, मग माझी पॉलिशने काळी झालेली बोटं पाहिली. उठून म्हणाले, “अण्णा, माझी चूक. माझ्या हातनं उलटा बसला.”

“मिस्त्री, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” एवढं म्हणून अण्णा वळले. मी कोंडा झटकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी भागोजींना विचारलं, “असं का केलंत?”

“तुमचं नाव निघालं असतं तर गाडी भंगारात गेली असती. मला हिला घाट चढताना बघायची हाय, बापू.”

पाहिलीही. पोलादपूर सोडल्यावर दर वळणाला दोन बोटांनी गिअर टाकत मी वर गेलो, आणि शेजारी भागोजी डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते... पण मला हसवायची चटक. माझ्या सगळ्या फजित्या मी चारचौघांत रंगवून सांगायचो. हीच एक सांगताना माझ्या नावाऐवजी त्यांचं घालायचो. मिस्त्रीच चुकला म्हटलं की लोक जास्त हसत. लॉरीमालकांनीही ऐकलं. गिअरबॉक्सची कामं पनवेलला जाऊ लागली, भागोजींकडे पंक्चरं उरली. तुटक्या पाट्यातून असली नाजूक जोडणी घडवणारा माणूस ती उलटी कशी बसवेल, एवढा साधा विचार ह्या दीडशहाण्यांपैकी एकाला सुचू नये? संताप येतो. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली, गाडी भंगारात जाण्याची भीती कधीच संपली, तरी मी तोच किस्सा सांगत राहिलो, याचा तर सर्वांत जास्त येतो.

चहा संपताच त्या लॉरीमालकाला मी भागोजींच्या शेडमध्ये ओढत नेलं. तिथे उभ्या असलेल्या माझ्या गाडीतली पायाखालची फळी काढली, त्याचं बोट धरून आर्मच्या खालच्या बाजूला टेकवलं. तिथे दोन ठिपके आहेत. दसऱ्यानंतर भागोजींनी ते पुन्हा मारले होते, “या वेळी खोल मारलेत, घासा हवं तेवढं,” असं म्हणून हसत. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ते दोन्ही ठिपके बोटाने पुन्हा चाचपले. मग म्हणाला, “म्हणजे इतकी वर्षं तुमी...” आणि थांबला. माझ्या वडिलांचा मान राखून थांबला असेल.

थांबायला नको होतं. म्हणून त्याचं वाक्य मी इथे लिहून पुरं केलं. शेड उघडी आहे. ज्यांनी ज्यांनी हसून घेतलं, त्यांनी यावं आणि त्या ठिपक्यांवर बोट ठेवून जावं. आर्मचं टोक खाली आहे. गाडी पुढे जाते.