सोल्डरवरची साय

माझी आई पनवेलच्या एका कंपनीत टेलिफोनचे बोर्ड जोडायची. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. सकाळी कंपनीची बस तळ्याच्या कोपऱ्यावर थांबायची, आणि आमच्या आळीतल्या दोघीतिघी डबे सांभाळत तिच्यात चढायच्या. संध्याकाळी आई परत आली की तिच्या केसांना राळेचा वास असायचा. सोल्डर करताना, म्हणजे वितळलेल्या धातूनं पार्ट जोडताना, त्याला लावलेला राळेचा फ्लक्स तापतो, त्याच्या धुराचा तो वास. मला तो फार आवडायचा, कारण घरी गुरुवारी धूप घालताना साधारण तसाच वास यायचा. आईला तो सहन व्हायचा नाही. आल्या आल्या ती मोरीत शिरायची आणि केस धुतल्याशिवाय मला जवळ येऊ द्यायची नाही.

बोर्डावर बारीक पार्ट बसवून मागून सोल्डर लावलं की तारांची जास्तीची टोकं कापून टाकावी लागत. बायका त्यांना पार्टचे पाय म्हणत. हे पाय कचऱ्यात जायचे, म्हणून सुपरवायझर मूठभर घरी नेऊ द्यायचा. आई ते पावडरच्या रिकाम्या डब्यात आणायची आणि आम्ही मुली त्यांच्या साखळ्या वळायचो. आळीतल्या सगळ्या भातुकलीतल्या बाहुल्यांचे दागिने टेलिफोनच्या पायांचे होते.

कंपनीत आईच्या शेजारी मावशी बसायची. ती सख्खी मावशी नव्हे. खाडीकडच्या गावातली, मिठागरवाल्यांच्या घरातली. आई टेबलावर पार्ट बसवायची आणि मावशी सोल्डरच्या भांड्यावर असायची. वितळलेलं सोल्डर आरशासारखं लखलखतं, पण हवा लागली की त्याच्यावर मळकट पापुद्रा धरतो. तो झाऱ्यानं बाजूला सारायचा आणि मगच बोर्ड टेकवायचा, नाहीतर जोड कच्चा राहतो. त्या पापुद्र्याला मावशी साय म्हणायची. मग सगळी कंपनीच साय म्हणायला लागली, सुपरवायझरसुद्धा.

मावशी गणपतीला आमच्याकडे यायची आणि आम्ही होळीला तिच्या गावी जायचो. तिच्या घरामागून मिठागरं सुरू व्हायची. उन्हात ती इतकी पांढरी दिसायची की डोळे बारीक करावे लागत. निघताना ती फडक्यात मीठ बांधून द्यायची, वर सुकवलेल्या जवळ्याची पुडी. आई नको नको म्हणायची आणि मावशी म्हणायची, "तुज्यासाटी नाय, पोरीसाटी हाय." एका वर्षी मावशी गणपतीला आली नाही. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "तिच्या घरी काम असेल." पुढच्या वर्षीही ती आली नाही. मग मी विचारणं सोडलं. मुलं असंच करतात.

आता मी खारघरला राहते आणि माझं काम धातूंचं आहे, पण मी धातूला हात लावत नाही. मोबाइल, टीव्ही, संगणक यांत तांबं, कथील, चांदी, सोनं असे किती तरी धातू थोडे थोडे असतात. त्यातला एखादा धातू घ्यायचा आणि त्याच्या मागे मागे जायचं. खाणीतून किती माती उपसली, ती दळायला किती वीज लागली, भट्टीत काय जाळलं, पाणी किती वापरलं, धूर कुठला निघाला, कचरा किती राहिला. आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, याचा आराखडा संगणकावर उभा करायचा. पुढे कुणी फोन बनवताना पर्यावरणावर किती भार पडला हे काढायचं म्हटलं, की त्याला हा आराखडा लागतो. आईला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे धातूची जन्मपत्रिका." मी म्हटलं, पत्रिका पुढचं सांगते, आम्ही मागचं शोधतो. तिला ते पटलं नसावं, कारण शेजारणींना ती अजून पत्रिकाच सांगते.

मध्यंतरी माझ्याकडे सोल्डरचं काम आलं. आधी सोल्डरमध्ये कथील आणि शिसं असायचं. शिसं विषारी, म्हणून पुढे त्याच्या जागी कथिलात थोडी चांदी आणि तांबं घालायला लागले. जुनं आणि नवं शेजारी शेजारी मांडून दाखवायचं होतं. नव्याची माहिती कारखान्यांकडून सहज मिळाली. जुन्या हातकामाची कुणाकडेच नव्हती. किती सोल्डर बोर्डावर राहायचं आणि किती साय होऊन जायचं, हे कुठे सापडेना. रविवारी आईकडे जेवायला गेले तेव्हा मी सहज विचारलं, "तुमच्याकडे साय किती निघायची गं?"

आई आमटी वाढत होती. ती म्हणाली, "ते मावशीला माहीत. मी भांड्यावर कधी नव्हते." मग पळी पातेल्यात ठेवून ती खाली बसली. "तिला विचारायला हवं. पण कुठल्या तोंडानं जायचं?"

त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं. कंपनीनं आपोआप सोल्डर करणारं मशीन आणलं होतं. भांड्यावरच्या सगळ्या बायकांना घरी बसवलं आणि टेबलावरच्या ठेवल्या. ज्या दिवशी हे सांगितलं, त्या दिवशी मावशी बसमध्ये आईशेजारी बसली नाही, पुढे जाऊन बसली. "मी उठून तिच्याजवळ जायला हवं होतं," आई म्हणाली. "पण मला वाटलं, आपली नोकरी राहिली आणि आपण काय समजूत घालणार? उद्या बोलू म्हटलं. उद्यापासून ती यायचीच नव्हती, हे डोक्यातच आलं नाही."

तिचं गाव आमच्यापासून एसटीनं जवळच होतं. इतक्या वर्षांत आई तिकडे गेली नाही.

आणि आता ते गावच तिथे नव्हतं. विमानतळासाठी खाडीकाठची गावं उठली, लोकांना दुसरीकडे भूखंड मिळाले. मावशी कुठे असेल हे मला ठाऊक नव्हतं आणि मी कामाच्या गडबडीत तो विषय सोडूनही दिला. आईनं सोडला नाही. मला न सांगता ती पनवेलच्या मच्छीबाजारात जायला लागली. त्या बाजूच्या गावांतून येणाऱ्या कोळणींकडून मासळी घ्यायची आणि घेता घेता चौकशी करायची. आमच्याकडे त्या महिन्यात बोंबील आणि कोळंबी इतकी झाली की बाबा वैतागले. शेवटी एकीनं ओळखलं. "ती व्हय, कंपनीतली? नव्या वसाहतीत हाय ती, देवलाच्या मागं."

आम्ही रिक्षानं गेलो. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि वाटेत दोनदा म्हणाली, "ती नसेल घरी." वसाहतीत सगळी घरं नवीन, रंगीत, तीन तीन मजल्यांची. मावशीचं घर पिस्ता रंगाचं होतं, खाली भाडेकरूंची दुकानं. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते, पण बसण्याची ढब तीच, एक पाय पुढे सोडून.

तिनं आईकडे बराच वेळ पाहिलं. मग सूप खाली ठेवलं.

"आयलीस," ती म्हणाली. "मना वाटलं, मेल्यावरच येशील."

आई उभीच राहिली. "रागावली होतीस ना?"

"व्हते ना. वरीसभर व्हते. तुज्यावर, मशीनवर, सगल्यांवर." मावशीनं सरकून ओट्यावर जागा केली. "मंग भात लावायला लागले, मासली सुकवायला लागले. राग कवा गेला, कललाच नाय. पन मंग वाटलं, ती येत नाय तर मी कशाला जाऊ. बस ना गो, उबी काय?"

आई बसली आणि रडायला लागली. मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ही ती? साकल्या करनारी?" मी हो म्हटलं. तिनं आतल्या सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

चहा झाल्यावर मी माझा प्रश्न विचारला. मावशीनं कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. "निगायची गो. डबा भरायचा. डबा केवडा व्हता?" आई म्हणाली, डालड्याचा. मावशी म्हणाली, डालड्याचा नाय, ऑइलपेंटचा. आई म्हणाली, ऑइलपेंटचा पार्टच्या पायांना होता. मग डब्यावरून त्या कंपनीत घालाव्या लागणाऱ्या टोप्यांवर गेल्या, टोप्यांवरून कँटीनच्या उसळीवर, आणि उसळीवरून त्या सुपरवायझरवर, जो बायका गाणी म्हणायला लागल्या की ओरडायचा आणि नंतर स्वतःच गुणगुणत फिरायचा. त्याची नक्कल करताना मावशी उठून उभी राहिली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्या कामाचं त्यातून काही हाती आलं नाही. आराखड्यात मी त्या जागी अंदाजाचा आकडा घातला आणि खाली तसं स्पष्ट लिहिलं. आमच्या कामात ते चालतं, लपवलं नाही म्हणजे झालं.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी आणि कोलीम, म्हणजे अगदी बारीक जवळा, होतं. ती भाकरी खाताना मला होळीच्या त्या दुपारी आठवत होत्या, मिठाचा पांढरा उजेड आणि मागच्या दारातून येणारा खारट वारा. मी मावशीला विचारलं, तुला ते घर आठवतं का? ती म्हणाली, "घर आटवतं. पन जास्ती वारा आटवतो. इकरं वारा येतच नाय, सगल्या बिल्डिंगी." एवढंच. पुढे ती आईला आणखी भाकरी वाढायला लागली.

आता दोघींचं जाणं-येणं सुरू झालं आहे. मावशी बाजाराला आली की आधी आईकडे येते. फोनवर बोलायला दोघींनाही जमत नाही, एकमेकींवर ओरडतात आणि ठेवून देतात. गेल्या महिन्यात मी त्यांना आपट्याला सोडलं. मावशीची लेक तिथे दिली आहे, नदीच्या जवळ. संध्याकाळी न्यायला गेले तर दोघी घाटाच्या पायरीवर, साड्या घोट्याच्या वर घेऊन, पाताळगंगेच्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. मी हाक मारली. आईनं मागे वळून पाहिलं आणि हातानंच खूण केली, थांब जरा.

मी गाडीत जाऊन बसले आणि काच खाली घेतली.