सातव्या उंदराची नोंद

वेंगुर्ल्याच्या बंदररस्त्याला डॉक्टर नाबरांची लहानशी प्रयोगशाळा होती. हिवतापाच्या अभ्यासासाठी ते पांढऱ्या उंदरांना ईथरची गुंगी देत, पोट उघडून पानथरी, म्हणजे प्लीहा, काढत आणि टाके घालत. त्याची नोंदवही मथुरेकडे. सातवी पास झालेली ही मासे विकणाऱ्या यमुनाबाईची लेक. वजन, गुंगीची वेळ, शेवटचा टाका. मग उंदीर उठेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी श्वास कसा, अंग गरम की गार, सारं ती लिही. "आमचा चेडू उंदरांची नाडी बघता!" असं यमुनाबाई लेकीबद्दल बाजारभर सांगे.

त्रेसष्टच्या श्रावणात एकदा बारा उंदीर एकदमच होते. सव्वाअकराला बारावा धापा टाकू लागला. मथुरा त्याची मान सरळ धरून लाळ पुसत बसली. तो सावरल्यावर तिनं घाईघाईनं बाकीचे पाहिले. सातवा तेवढा राहिला. रकाना रिकामा दिसू नये म्हणून तिनं लिहून टाकलं, 'श्वास बरा, अंग गरम.' साडेअकराला हात लावला, तर तो थंडगार. मेलेला.

डॉक्टरांनी वही पाहिली. "हळूहळू गार पडला असता तर ऊब कमी पडली म्हटलं असतं. पण हा एकाएकी गेला. म्हणजे ऊब वाढवून उपयोग नाही, उद्याचे सहा असेच ठेवू."

मथुरेला पेच कळला. खरं सांगितलं तर काम जाणार, नाही सांगितलं तर उद्या आणखी मरणार. संध्याकाळी तिच्यापुढचं ताट तसंच राहिलं.

"जेवत कित्याक नाय गो?" यमुनाबाईनं विचारलं.

"आये, शिळो मासो ताजो म्हणान इकलो तर?"

"एक दीस भागता. मगे तेच गिऱ्हाईक समोर येता, तेवां तोंड खंय लपयतलंस?"



सकाळी डॉक्टर ईथरची बाटली उघडत होते. मथुरा दारातूनच म्हणाली, "डॉक्टर, थांबा. सव्वाअकराला सातव्याला मी हातच लावला नव्हता. ते मी खोटं लिहिलं."

डॉक्टरांनी बाटलीला बूच लावलं. वहीतली कालची नोंद काढली. तिनं घाबरून खोडरबर पुढे केलं, तसे ते कडाडले, "खोडू नकोस! एक रेघ मार. वर लिही, 'पाहिलं नाही'. सही कर, तारीख घाल."

तिनं सही केली. 

ऊबच कमी पडली असावी म्हणून त्या दिवशी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यांत ठेवल्या. प्रत्येकाला वेळेवर पाहता यावं म्हणून उंदीर तीन-तीन करून घेतले. सहापैकी पाच उठले. एक गेला, पण तो गार पडत गेलेला वहीत दर पाव तासाला दिसत होता.

काम गेलं नाही. वही मात्र गेली. महिनाभर नोंदी गडी धोंडू लिही आणि मथुरा पिंजरे धुई. धोंडूनं वेळ चुकवली तर, या धास्तीनं तिची नजर सारखी घड्याळाकडे जाई. भाद्रपदात एके दिवशी डॉक्टरांनी वही तिच्यापुढे सरकवली. तिनं आधी हात पुसले.