सरकारी प्रतींना खाकी कव्हर

सासूबाई गेल्यानंतर सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे जर्मनीत, एर्लांगेनला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत चिवडा, लिंबाचं लोणचं आणि एक जाडजूड बाड होतं. चिवड्या-लोणच्याची मी वाट पाहत होते, बाडाची नव्हते. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या माणसाच्या बाडात काय असणार, हे मला न उघडताच ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

बाडात मुलांसाठी छोटे छोटे पाठ होते. बाजारात हरवलेली शेळी, विहिरीवर भांडणाऱ्या दोन घागरी, शाळेला दांडी मारून शाळेच्याच छपरावर लपलेला मुलगा. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, ते कधीकाळी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठच्या बाजूला लिहिले होते आणि वर्गात वाटले होते. ते त्यांना वाचनपट्ट्या म्हणत. मग एका वर्षी शाळा तपासायला दिपोटी आले. साहेबांनी पट्ट्या पाहिल्या, चहा घेतला आणि शेरेबुकात लिहिलं : ‘अभ्यासक्रमाबाहेरचे. बंद करावे.’ बाबांनी बंद केलं. नोकरी होती. पण एकही पट्टी टाकून दिली नाही. हे सगळं त्यांनी मला लसूण सोलता सोलता सांगितलं, दिपोटी नुकतेच आमच्या स्वयंपाकघरातून उठून गेले असावेत अशा आवाजात.

त्याच दिवशी त्यांनी शाळेच्या ग्रंथालयाबद्दलही सांगितलं. ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी पेटी. किल्ली हेडमास्तरांकडे. पुस्तक हरवलं तर शिक्षकाच्या पगारातून कापायचा नियम, त्यामुळे कुणी शहाणा माणूस ती पेटी उघडत नसे. तपासणीच्या दिवशी मात्र पुसून व्हरांड्यात ठेवायची. पुढे कधीतरी ती उघडली, तेव्हा आत वाळवीने आपलं वाचन पूर्ण केलेलं होतं.

आता त्यांना पट्ट्यांचं पुस्तक करायचं होतं, नातीसाठी. आमची लेक तेव्हा तिसरीत होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तरं मात्र जर्मनमध्ये. बाबा विचारत, “बाळा, शाळेत काय झालं आज?” की ती जर्मनमध्ये धो धो सुरू व्हायची. बाबा शेवटपर्यंत मान डोलवत ऐकत आणि मग हळूच माझ्याकडे बघत.

इकडच्या मराठी घरांतून मागणी आली आणि आम्ही शंभर प्रती छापायला टाकल्या. स्टेशनमागच्या गल्लीत एक छापखाना होता. खोकी घ्यायला मी गेले, तर मालक म्हणाला, “फ्लिश्टएक्झेम्प्लार बाजूला काढलेत ना?”

मी म्हटलं, हे काय आणखी? या देशात नवीन काही निघालं की दंड तरी असतो नाहीतर फॉर्म तरी. त्याने समजावलं. या देशात जो कुणी पुस्तक काढेल, त्याने त्याच्या दोन प्रती देशाच्या ग्रंथालयाला फुकट पाठवायच्या, असा केंद्राचा कायदा आहे. आपल्या बायर्न राज्याचा कायदा पुन्हा वेगळा, म्हणून राज्याच्या ग्रंथालयाला आणखी दोन.

“पण हे मराठीत आहे,” मी म्हटलं.

“असू दे की. पण कायद्यात भाषा लिहिलेली नाही.”

“अहो, तिथे हे कुणालाही वाचता येणार नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” तो खोकं माझ्याकडे सरकवत म्हणाला, “वाचता यायला हवं असंही लिहिलेलं नाही.”

मी खोकं उचललं आणि परत खाली ठेवलं. आमच्या गावाकडच्या शेळीची गोष्ट, ती चांगली आहे की वाईट हे कुणीही न विचारता, या एवढ्या मोठ्या देशाला हवी होती. त्यासाठी इथल्या संसदेत कुणीतरी हात वर केला होता. वशिला नाही, शिफारस नाही, उलट दिली नाही तर मीच गुन्हेगार! मी तशी सहजासहजी भारावणारी बाई नाही. पण त्या दिवशी बस स्टॉपवर मी तोंड उघडं टाकून उभी होते आणि माझी बस माझ्यादेखत निघून गेली.

घरी येऊन मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं, “केंद्र सरकारला दोन प्रती द्यायच्यात आणि राज्याला दोन!”

बाबांचा चेहरा उतरला. “तपासायला?”

“नाही हो, ठेवायला.”

“हं,” ते म्हणाले. लहान मूल काहीतरी खुळ्यासारखं बोललं की आपण म्हणतो तसं.

त्यांनी इथल्या शाळांचा अभ्यास केलेला होता. बर्लिनला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा मुलगा सहावीपर्यंत प्राथमिक शाळेत जाणार आणि आमच्या मुलीने पुढे कुठल्या शाळेत जायचं याचा निकाल मात्र चौथीतच लागणार, हे ऐकून ते चकित झाले होते. शाळेच्या बाबतीत इथे दिल्ली काही बोलत नाही, ज्या त्या राज्याची मुंबई काय ते ठरवते, हे त्यांना पटलं होतं. त्यामुळे केंद्राने स्वतःहून पुस्तक मागवलं म्हणजे प्रकरण साधं नाही, असा त्यांनी हिशेब लावला.

दुसऱ्या दिवशी पाहते तर जेवणाच्या टेबलावर पार्सलचा तपकिरी कागद, कात्री आणि खळ. बाबा त्या चारही प्रतींना कव्हर घालत होते, जूनमध्ये नव्या पुस्तकांना घालतात तसं, कोपरे दुमडून, कडा नखाने दाबून. वर पांढरी चिठ्ठी. आत छापण्यात राहिलेल्या चुका काळ्या शाईने दुरुस्त केलेल्या. आणि पहिल्या पानावर हळद-कुंकवाचं बोट.

“बाबा, सरकारला कव्हर नको असतं!” मी कावले.

“अगं, कव्हर नसलं की साहेब आधी तेच लिहितात.”

नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याने हात वर केले. पोस्टात प्रती दिल्या तेव्हा बाबा काउंटरसमोर छाती काढून उभे होते आणि त्यांनी कोटाची सगळी बटणं लावली होती.

व्हिसा संपला, बाबा गावी परतले. दर रविवारी फोनवर प्रश्न ठरलेला. “निकाल लागला का गं?” मी ठरलेलं उत्तर द्यायची, निकाल नसतो हो बाबा. पोच मागवता येते हेही तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि मग एका रविवारी ते म्हणाले, “बंद करावे, असंच लिहिलं असेल त्यांनी. तू मला सांगत नाहीस. असू दे.”

त्या ‘असू दे’ने माझी झोप उडवली. साहेब केव्हाच रिटायर झाले असतील, कदाचित वर गेले असतील, आणि हा माणूस अजून त्यांच्यासमोर उभा होता.

पुढच्याच महिन्यात नवऱ्याला विमानात बसवायला फ्रँकफुर्टला गेले, तशीच देशाच्या ग्रंथालयात गेले. एका दिवसाचं कार्ड काढलं. कॉम्प्युटरवर आमचं आडनाव टाकलं. रोमन लिपीत पुस्तकाचं नाव आलं, आमच्या शेळीचंच, खाली बाबांचं नाव आणि छपाईचं गाव : एर्लांगेन. मी ते तीनदा वाचलं. मग पुस्तक मागवलं आणि वाट पाहत बसले. आजूबाजूला शेकडो माणसं, पानं उलटल्याचा तेवढा आवाज. देवळात मला कधी इतकं गप्प बसता आलेलं नाही.

पुस्तक आलं. काउंटरवरच्या बाईने ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवलं. खाकी कव्हर तसंच होतं! ते पुस्तकाचंच आहे असं समजून त्यांनी त्यावर नंबराची चिठ्ठी डकवली होती. आत काळ्या शाईच्या दुरुस्त्या, आणि पहिल्या पानावर हळदीचं पिवळं बोट, जरासं फिकट झालेलं. कुणी पुसलं नव्हतं, परत पाठवलं नव्हतं. ज्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नसेल, त्यांनी ते जसंच्या तसं सांभाळलं होतं. मी रडले. शेजारच्या विद्यार्थ्याने रुमालांचं पाकीट पुढे केलं.

बाहेर येऊन पायरीवरूनच बाबांना फोन लावला.

“बाबा, पुस्तक आहे! हातात घेऊन पाहिलं आत्ता. तुमचं कव्हरसुद्धा आहे.”

“शेरा काय?”

“शेरा नाहीये बाबा. सगळी पानं पाहिली मी. फक्त नंबर दिलाय आणि ठेवलंय. कायमचं.”

“घरी नेऊ देतात?”

“नाही. तिथेच बसून वाचायचं.”

“म्हणजे पेटीच की गं,” ते म्हणाले, आणि मला हसू फुटलं.

“हो, पेटीच. पण मागितली की उघडतात. कुणालाही.”

फोन कट झाला की काय, म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

“आहे, आहे,” बाबा म्हणाले. मग आवाज खाली आणून, शेजारी कुणी ऐकेल की काय अशा बेताने त्यांनी विचारलं, “पट्ट्या अजून आहेत माझ्याकडे. आळीतली पोरं येतात संध्याकाळी. आता परत सुरू केलं, तर चालेल ना?”

“हो!” मी इतक्या मोठ्याने म्हटलं, की ग्रंथालयात शिरणारी दोन माणसं वळून बघायला लागली.