ट्रायलमधली शांतता

चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर लोखंडी फ्रेम चढवून, तिच्यात एकामागून एक भिंगे सरकवत तो दिवसभर एकच प्रश्न विचारीत असे : "आता बरं दिसतंय, की मघाशी?" गिऱ्हाईक "आता" म्हणाले, तर खात्रीसाठी तो मघाचे भिंग पुन्हा लावी, "मघाशी" म्हणाले, तर आताचे. त्यामुळे त्याने काढलेला नंबर सहसा चुकत नसे आणि त्याच्या दारापुढची रांगही सहसा हलत नसे. "कामाला चोख आहे, फक्त उरकत नाही," असे दुकानाची मालकीण त्याच्याविषयी सांगे. त्याच्या बायकोला या विधानाचा उत्तरार्ध तेवढा निर्विवाद वाटे.

घरी हाच गृहस्थ संगीतकार होता. निदान तो स्वतः तसे म्हणे, आणि ते खोडून काढणे अवघड होते, कारण ऐकून मत बनवावे असे काही त्याने अद्याप केलेच नव्हते. त्याला कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनिक संगीत रचायचे होते. त्यासाठी एक सॉफ्टवेअर लागते. पडद्यावरच्या चौकटींत सूर आणि ठोके विटांसारखे मांडायचे, की ते ओळीने वाजते. हे सॉफ्टवेअर निवडण्याचे काम त्याने लग्नाआधी हाती घेतले होते. पुढे लग्न झाले, घर बदलले, नव्या घराला पडदे आले, ते पडदे विटले. निवड चालूच होती.

उमेदवारांना घरात टोपणनावे पडली होती, आणि ती सगळी बायकोने ठेवलेली होती. ज्याच्या खिडक्या राखाडी आणि निर्जंतुक दिसत, तो दवाखाना. ज्यात आकड्यांच्या रांगा वरून खाली सांडत, ती गिरणी. ज्याच्या मागच्या बाजूला खोट्या तारांचा गुंता लोंबत असे, ते कपाट. तिघांचीही परीक्षा एकाच चालीने होई. चार ठोके, त्यावर चढणारे काही सूर, शेवटी एक उतरता सूर, इतकीच ती चाल. ती दवाखान्यात वाजवायची, मग गिरणीत, मग कपाटात, मग पुन्हा दवाखान्यात. कपडे वाळत घालताना बायको तीच गुणगुणे आणि गुणगुणल्याचे लक्षात आले की स्वतःवरच चिडे.

इंटरनेटवरच्या हौशी मंडळींत मात्र त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. त्याच्या सल्ल्याने अनेकांनी सॉफ्टवेअर घेतले, काहींनी गाणी केली, एकाने तर अल्बम काढून संगीतातून संन्यासही घेतला. "तुमचं काही ऐकवा ना," असे कोणी म्हणालेच, तर याचे उत्तर ठरलेले होते : "अजून मांडामांड चालू आहे."

त्याच्या धाकट्या बहिणीची परिस्थिती याच्या नेमकी उलट होती. विमा कंपनीतली नोकरी सोडायला तिला एक दुपार पुरली होती. टायरच्या दुकानावरच्या खोलीत ती नृत्याचा क्लास चालवी. खाली हवा भरायचा पंप धडधडू लागला, की वरचा ताल बिघडे. आता टायरवाल्याला ती खोली माल ठेवायला परत हवी होती. वाचनालयाच्या इमारतीतला हॉल मिळण्यासारखा होता, पण तिथल्या व्यवस्थापकांनी "आधी तुमचा एक कार्यक्रम बघू, मग ठरवू," असे सांगितले होते. कार्यक्रम पसंत पडला तर हॉल, नाही तर क्लास रस्त्यावर. अशा वेळी तिचा नेहमीचा वादक ऐनवेळी दुसऱ्या ग्रुपबरोबर दौऱ्यावर निघून गेला, आणि ती भावाच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा, मला संगीत करून दे."

"देतो की. पण लय काय धरायची? कारण लय संथ असेल तर गिरणी बरी पडते, आणि—"

"दादा, मी गिरणी मागितली का?"

इस्त्री करता करता वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही मागण्यात चुकलात. तुलना मागितली असतीत, तर आत्ता पुढ्यात आली असती."

"ते सारखं वाजत असतं ना तुझ्याकडे, तेच लांबवून दे."

"ते? अगं, ती चाचणीची चाल आहे! ते संगीत नाही."

"मला नाचता आलं की झालं. ते संगीत आहे की नाही, हे तू नंतर सावकाश ठरव."

तो दुखावला, पण बायको इस्त्री बाजूला ठेवून खुर्चीमागे येऊन उभी राहिल्यामुळे उठता येईना. त्याने चाचणीची चाल दवाखान्यात मांडली, ठोके बदलत, सूर वाढवत ती नाचाला पुरेल इतकी लांबवली, आणि तयार फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून बहिणीच्या हातात ठेवली. "हे फक्त तालमीपुरतं. खरं नंतर देतो," हे सांगायला तो विसरला नाही. ती फाइल शेवटपर्यंत ऐकायला मात्र विसरला. खरे तर हे विसरणे नव्हते. तुलनेला सुरुवात पुरते, आणि त्यापुढे ऐकण्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

तालमीला गेला तेव्हा त्याला बसायला एक टायर मिळाला. एक नर्स, एक बँकेतली कारकून, दोन शिक्षिका असा ताफा नाचत होता. चाल चढत चालली होती आणि मध्येच संगीत बंद पडले. तो दचकून उठला. पण सगळ्या बायका जागच्या जागी थिजल्या होत्या. नर्सचा एक पाय हवेत होता, कारकून बाईचा हात अर्धवट वळलेला होता, खालून पंपाची धडधड तेवढी ऐकू येत होती. क्षणभराने संगीत आपोआप सुरू झाले आणि चौघी जणू काही घडलेच नाही अशा पुढे सरकल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

काय झाले ते त्याला ताबडतोब कळले. दवाखान्याची त्याच्याकडे होती ती ट्रायल आवृत्ती, म्हणजे कंपनीने वापरून पाहायला फुकट दिलेली. विकत न घेणाऱ्याला टोचणी म्हणून कंपनी तिच्यात दर थोड्या वेळाने आवाज तोडत असे. या दोषावर त्याने स्वतःच इंटरनेटवर एक सविस्तर टिपण लिहिले होते आणि अनेकांनी त्याबद्दल त्याचे आभार मानले होते.

बहीण घाम पुसत त्याच्याजवळ आली. "दादा, त्या थांबण्याच्या जागा! सगळा नाच मी त्याच्याभोवती बसवलाय. तुला सुचलं कसं रे? मला वाटायचं तू नुसताच..."

"नुसताच काय?"

"जाऊ दे."

त्याच्या संगीताला आयुष्यात पहिल्यांदा दाद मिळत होती, आणि ती नेमकी त्याने न केलेल्या भागाला होती. "सुचलं," तो पुटपुटला.

इतकी वर्षे न झालेला निर्णय टायरच्या दुकानापासून घरी पोहोचेपर्यंत झाला. त्याने दवाखाना विकत घेतला. तोडलेले आवाज जोडले गेले, चाल अखंड झाली. बहिणीकडचा पेन ड्राइव्ह मागवून त्याने नवी फाइल त्यावर चढवली आणि जुनी तिथून आणि कॉम्प्युटरवरून मुळासकट पुसली, म्हणजे लाज वाटण्यासारखे काही मागे राहायला नको.

रंगीत तालीम वाचनालयाच्या हॉलमध्ये होती. पहिली थांबण्याची जागा आली, पण संगीत थांबले नाही. नर्स सवयीने थांबली, कारकून ठोक्याबरोबर पुढे निघाली, आणि दोघी एकमेकींवर आदळल्या.

"अहो संगीतकार," नर्स गुडघा चोळत म्हणाली, "गाडीचा ब्रेक काढून ठेवलात का?"

"दादा, शांतता कुठे गेली?" बहिणीने विचारले.

"ती ट्रायलमध्ये होती," तो म्हणाला. "विकत घेतलं की जाते."

"म्हणजे? ती तू टाकली नव्हतीस?"

"कंपनीने टाकली होती."

यानंतर हॉलमध्ये जी शांतता पसरली, तिला कोणत्याही सॉफ्टवेअरची मदत लागली नाही.

"परत आण," बहीण म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि लहानपणापासून तो तिच्या याच आवाजाला घाबरत असे. "मला क्लास ठेवायला जागा नाही, दादा. उद्या तो व्यवस्थापक पहिल्या रांगेत बसणारे. परत आण."

"जुनी फाइल मी पुसली. नवी ट्रायल घेतली असती, पण कंपनीने ती सुधारलीय. आता शांततेऐवजी एक बाई कंपनीचं नाव घेते."

"मग तूच टाक."

त्याने लॅपटॉप रंगमंचाच्या कडेवर ठेवला आणि चालीचा एकेक तुकडा जिथे संपतो तिथे नीटनेटकी शांतता घातली. शास्त्राला धरून तीच योग्य जागा होती.

"इथे नाही हो," नर्स म्हणाली. "माझा पाय वर असतो ना, तेव्हा."

कंपनीने आवाज घड्याळाकडे पाहून तोडला होता, ठोक्याकडे पाहून नव्हे. म्हणून तो नेहमी भलत्या क्षणी तुटे आणि बायकांचे पाय तो भलता क्षण शिकले होते. तो क्षण आता कुठल्याही पडद्यावर सापडणार नव्हता. मग त्याने हेडफोन काढून ठेवले आणि पायांकडे पाहायला सुरुवात केली. पाय उचलला, की तो आवाज कापी, थोडा मागे, थोडा पुढे, आणि विचारी :

"आता बरं, की मघाशी?"

"आता," नर्स म्हणाली.

त्याचा हात सवयीने मघाच्या जागेकडे निघाला.

"दादा! आता म्हणाली ना ती?"

हात थांबला. मोठ्या कष्टाने त्याने माउस सोडला आणि ती जागा तशीच राहू दिली. पुढच्या जागेलाही तेच झाले. तिसऱ्या जागेला बहिणीला नुसते बघावे लागले. दिवेलागणीपर्यंत एक संगीतरचना पुरी झाली होती. आपण काहीतरी संपवले, हे ध्यानात आल्यावर त्याला थोडे अस्वस्थ वाटले.

कार्यक्रमाला व्यवस्थापक पहिल्या रांगेत बसले. संगीत थांबले की ते मान वळवून भिंतीवरच्या स्पीकरकडे पाहत, सुरू झाले की पुन्हा रंगमंचाकडे. बायका चुकल्या नाहीत. टाळ्या संपल्यावर व्यवस्थापक गंभीर चेहऱ्याने आत आले. बहिणीने वहिनीचा हात घट्ट धरला.

"बाई, स्पष्ट बोलतो. संगीत सारखं बंद पडत होतं."

"त्याचं असं आहे—" त्याने तोंड उघडले.

"मला बोलू द्या. चूक आमची आहे. आमचे स्पीकर जुने झालेत, कितीदा वर कळवलं. पण तुमच्या बायका! दर वेळी आहे तिथे थांबल्या, एक जण गडबडली नाही. अशी शिस्त मी या हॉलमध्ये पाहिली नाही. क्लासला रोजची संध्याकाळ घ्या तुम्ही. येत्या महिन्यापासून."

"अहो, पण त्या शांतता मी एकेक करून—"

बहिणीने त्याच्या पायावर पाय दिला. नर्तकीचा पाय होता, नेमका पडला. कंपनीच्या शांततेचे श्रेय त्याला मिळाले होते, आणि त्याच्या शांततेचे श्रेय आता बिघडलेल्या स्पीकरला जात होते. या दोन्हींत अधिक अन्याय कोणता, याची तुलना त्याच्या मनात तिथल्या तिथे सुरू झाली.

"आणि हो," व्यवस्थापक त्याच्याकडे वळले. "तुम्ही यातले जाणकार. क्लास सुरू व्हायच्या आत नवे स्पीकर बसवू म्हणतो. कोणते घ्यावेत?"

त्याचे डोळे चमकले. त्याने श्वास घेतला.

"साहेब," बायको मध्ये पडत घाईने म्हणाली, "क्लास येत्याच महिन्यात सुरू व्हायचा असेल, तर ह्यांना विचारू नका."