वसंतकाकांचा पोर्क-कोबी

मीराचा फोन आला तेव्हा मी बसस्टॉपवर उभा होतो. “प्रसाददादा, बाबा गेले... सकाळी, झोपेतच.” त्याला आता सहा आठवडे झाले. तरी वसंतकाका आठवले की मला आधी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

पुण्याहून नोकरीसाठी इंग्लंडमध्ये लेस्टरला आलो, तेव्हा पहिली दोन वर्षं मी काकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. काका कारखान्यातले निवृत्त फिटर. बायको इलोना हंगेरीची. मी येण्याच्या वर्षभर आधी ती वारली होती. तिच्या राज्यात काकांनी चहापलीकडे काही केलं नव्हतं. मुलगी मीरा बर्मिंगहॅमला, पण आईनंतर घरी यायचं टाळायची. “किचनमध्ये आई नाही, मला तिथे बसायला नाही जमत,” म्हणायची. मग एका शनिवारी काकांनी जाहीर केलं, इलोनाचा पोर्क-कोबी आपण करायचा! डुकराचं मांस, आंबवलेला कोबी, भरपूर कांदा, पाप्रिका म्हणजे तिकडचं लाल तिखट, वरून आंबट क्रीम, आणि ओव्हनमध्ये दोन तास.

कृती कुठेच लिहिलेली नव्हती. पहिल्यांदा कडू झालं, दुसऱ्यांदा त्याहून कडू. चव बघायला मी, आणि मी तर जन्मात पोर्क खाल्लेलं नव्हतं. “कसं झालंय रे?” “काका, कसं व्हायला हवं तेच मला माहीत नाही.” “मग नुसतं तोंड बघू दे तुझं,” म्हणत ते माझ्या चेहऱ्यावरून निकाल लावायचे आणि भांडं घासायला घ्यायचे. चौथ्या शनिवारी त्यांनी बुडापेस्टच्या मेव्हणीला व्हिडिओ कॉल लावला. पातेलं दिसताच बाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडल्याच... आधी गॅसवरून उतरवा, मग पाप्रिका घाला, नाहीतर जळते! काका आपले फोडणीसारखी कडकडीत तेलात घालत होते. फोन ठेवून त्यांनी पातेलं गॅसवरून उतरवलं. मग म्हणाले, “आयुष्यभर बायकोला बसल्या जागेवरून फोडणी शिकवत राहिलो. ती ऐकून घ्यायची आणि आपलंच करायची... बरोबर होती रे.”

पुढच्या रविवारी त्यांनी मीराला जेवायला बोलावलं. ती आली, कोट न काढताच टेबलाशी बसली. पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. काका हातात फडकं घेऊन ओव्हनपाशी उभे. मला वाटलं, बिघडलं पुन्हा. मीराने डोळे पुसले, कोट काढून खुर्चीला लावला आणि म्हणाली, “बाबा, अजून आहे ना?” तीनदा वाढून घेतलं तिने! त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली. मी पुढे दुसरीकडे राहायला गेलो, तरी माझं ताट कधी चुकलं नाही.

गेल्या रविवारी मीराने घर आवरायला बोलावलं. फ्रीझरमध्ये तिला पोर्क-कोबीचा एक डबा सापडला होता. झाकणावर काकांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. मीराला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली : “दोघांपुरतं आहे. तिसरा आला तर भात लावा.”

आम्ही दोघंच होतो. तरी मीराने भात लावला आणि ताटं तीन मांडली.