गोमाजीची कापलेली दोरी

आधीच सांगते — मी बी.ए. आहे. आमच्या गावातली पहिली. बायकांमधली नव्हे, बाया-पुरुष सगळे धरून पहिली. पुढे चौतीस वर्षं शिक्षिका होते. वर्गात कुणी भुताचं नाव काढलं की मी त्याला उभं करायचे. "तू स्वतः पाहिलंस? नाही ना? मग बस खाली." इथले तुम्हा लोकांचे अनुभवही मी वाचते आणि खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त मला पटत नाहीत. पण हा माझा स्वतःचा आहे. आणि त्यात मी एक लबाडी केली होती... ती केली नसती तर मीसुद्धा म्हटलं असतं, कुणीतरी गंमत केली असेल.

आमचं गाव नायगाव स्टेशनच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला. नाव लिहीत नाही, वसईकडच्यांना कळेलच. तेव्हा तिथे नजर जाईल तिथवर मिठागरं होती. माझा बा, धर्मा गोविंद म्हात्रे, मिठागरावर कामाला. दिवाळी झाली की पावसाच्या तोंडापर्यंत अनवाणी खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं. तळपायाला एवढ्या भेगा पडायच्या की आय त्यात मेण वितळवून भरायची. पाऊस लागला की काम बंद, मग पेज... तीही अशी की तिच्यात तोंड दिसावं. प्यायचं पाणी मैलभर लांबच्या विहिरीवरून. कॉलेजला जायला माझ्याकडे दोन साड्या होत्या, त्यातली एक आयची.

पावसाळ्यात बा पांगाऱ्याच्या लाकडाची तोंडं, म्हणजे मुखवटे, कोरायचा. वसईच्या वाड्यांमध्ये पानवेलींना आधार म्हणून पांगारा लावलेला असायचा, छाटलेलं लाकूड वाडीवाले देऊन टाकत. अगदी हलकं लाकूड. शिमग्याला आमच्याकडे सोंगं निघतात, त्यांच्यासाठी ही तोंडं. आणि आमच्याकडे एक कायदाच होता — सोंग अंगणात आलं की घरातली म्हातारी उंबऱ्यावरून विचारणार, "कोनाचा हात?" नाचणाऱ्याने तोंड घडवणाऱ्याचं पूर्ण नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय अंगणात नाच नाही. एकाने खोटं नाव सांगितलं म्हणून म्हाताऱ्यांनी त्याला शेणाचे गोळे मारत वेशीपर्यंत पळवला होता, ते मी लहानपणी बघितलंय.

असाच एका शिमग्याला मुंबईच्या टीव्ही केंद्रातला एक निर्माता कुणासोबत तरी गावात आला. सगळे त्याला साहेब म्हणत, मीही तेच लिहिते. त्याला लहान मुलांसाठी बाहुल्यांचा कार्यक्रम सुरू करायचा होता. बाने त्याला अकरा बाहुल्या करून दिल्या. मुख्य बाहुला गोमाजी — लांब नाकाचा, थोराड जबड्याचा. त्याचं तोंड उघडायची युक्ती बाची स्वतःची. जबड्याला आतून सायकलच्या ट्यूबचं रबर, ते तोंड घट्ट मिटून ठेवायचं. आणि मासळीच्या जाळ्याचा एक नायलॉनचा दोरा, तो खाली ओढला की तोंड उघडायचं. दोरा सोडला की फट्‌कन बंद. बाने तिथल्या लोकांना बाहुल्या चालवायला शिकवल्या. गोमाजीने कसं बोलायचं, कसं खेकसायचं, तेही बोलून दाखवलं. साहेब हसून हसून लोटपोट व्हायचा म्हणे.

पहिल्या गुरुवारी सगळं गाव ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर. गोमाजी आला, बोलला — हुबेहूब बाच्या ढंगात, पण आवाज दुसऱ्याचा. रेडिओवरचा कुणी कलाकार नक्कल करत होता. शेवटी पाटी आली. "बाहुल्या" आणि पुढे साहेबाचं नाव.

"अरं धर्मा, तुजं नाव कुटं हाय?" कुणीतरी मागून ओरडलं.

"येल, येल. पयल्यांदाच हाय, राहिलं असल," बा म्हणाला.

पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याभराने बा मला घेऊन केंद्रावर गेला. साहेब व्हरांड्यातच भेटला, आत बोलावलं नाही.

बा म्हणाला, "साहेब, मी दुसरं काय मागत नाय. आमच्यात हात सांगायचा असतो. तेवडं नाव टाका."

"म्हात्रे, नाव टाकून उपयोग काय? तुमच्या गावात ते वाचणार कोण?"

"मी वाचेन," मी म्हणाले. "बी.ए.ला आहे."

साहेबाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या पायांपाशी त्याची नजर जरा थांबली. "असं? मग तूच समजावून सांग तुझ्या वडिलांना. लाकूड तासलं म्हणून कुणी कलावंत होत नाही."

चार महिन्यांनी बाचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले ब्लडप्रेशर. मी म्हणते साहेब.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. हा माणूस सगळ्यांसमोर उघडा पाडायचा. मी बी.ए. झाले, लग्न झालं, आडनाव बदललं, वसईतल्या एका शाळेत लागले. नवं आडनाव साहेबाला माहीत असायचं कारण नव्हतं, चेहराही तो विसरला असणार. मी शाळेच्या कागदावर त्या कार्यक्रमाला पत्रं लिहायला लागले — आमच्या मुलांना गोमाजी फार आवडतो, कधी बोलवाल का? दर महिन्याला एक पत्र. दोन वर्षं. अखेर बालदिनाच्या खास कार्यक्रमासाठी आमंत्रण आलं. पंचवीस मुलं स्टुडिओत बसणार, गोमाजीला प्रश्न विचारणार, साहेब स्वतः 'काका' होऊन शेजारी बसणार. आणि प्रक्षेपण थेट! रेकॉर्डिंग नाही, कापाकापी नाही. मला हवं होतं तेच.

माझा डाव साधा होता. आमच्याच गावची चौथीतली सुनंदा माझ्या वर्गात होती, कुणाच्या बापाला न भिणारी. तिच्या चिठ्ठीत प्रश्न होता, "गोमाजी, तुला खाऊ कोणता आवडतो?" मी तिला सांगितलं, "तू चिठ्ठी वाचू नकोस. विचार, तुला कोणी घडवलं?" आता आवाज देणारा तर साहेबाचंच नाव घेणार. तेव्हा खोटं सांगायला गोमाजीचं तोंडच उघडू नये, ते दुसराच कुणी बोलतोय हे सगळ्यांना दिसावं, याची मी तजवीज केली.

त्या दिवशी दुपारी मुलांना बाहुल्या दाखवायला मेकअपच्या खोलीत नेलं होतं. गोमाजी चालवणारे कुलकर्णी म्हणून गृहस्थ होते, भला माणूस. ते चहाला गेले. मी गोमाजीला मांडीवर घेतलं. गालावर बाच्या पटाशीच्या खुणा तशाच होत्या... मला भडभडून आलं. अंगरख्याखाली, मानेच्या मागे दोऱ्याची गाठ असते, ती बा सोडून मलाच माहीत. पेन्सिलीला टोक करायचं अर्धं ब्लेड माझ्या पर्समध्ये असायचंच. दोरा कापला. तीनदा तपासलं — खालून कितीही ओढा, दोरा नुसता हातात यायचा. तोंड घट्ट बंद.

संध्याकाळी साडेसहाला दिवे लागले. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा पेटला. काळ्या कापडाने झाकलेलं टेबल, त्याच्या आड कुलकर्णी हात वर करून बसलेले. आवाज देणारा कलाकार बाजूला माईकसमोर कागद धरून. गोमाजी वर आला, "नमस्कार मुलांनो" म्हणाला — तोंड बंदच. कापड हलत होतं, त्यावरून आतली कुलकर्णींची धडपड मला कळत होती. एक पोरगं लगेच ओरडलं, "काका, हा तोंड मिटून बोलतो!" सगळी मुलं फिदीफिदी हसली. साहेब वरवर हसला, पण कानशिलावरून घाम निघाला होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू. चांगली बाई असते तर झाला नसता. झाला.

मग सुनंदाची पाळी. उभी राहिली, उत्साहात शिकवलेलं विसरली आणि घरचं बोलून गेली. कमरेवर हात ठेवून, अगदी म्हातारीसारखं — "गोमाजी, कोनाचा हात?"

साहेबाला काहीच कळलं नाही. "बाळ, नीट विचार हं," म्हणेपर्यंत...

गोमाजीचं तोंड उघडलं.

सावकाश, पूर्ण उघडलं. रबर ताणलं जातंय ते मला समोरून दिसलं. आणि आवाज आला. माईकवरच्या माणसाचा नव्हे. बाचा. कितीतरी वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

"माजा हात धर्मा गोविंद म्हात्र्याचा. मिठागरावरचा."

प्रत्येक शब्दाला तोंड उघडत होतं, मिटत होतं. मुलं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं खेळच आहे. मग गोमाजीने मान वळवली. साहेबाकडे. नाक त्याच्या नाकाजवळ नेलं.

"आनि तू कोन रं?"

साहेब खुर्चीसकट मागे सरकला.

"बोल की. तू कोन?"

"मी... मी काही नाही... मी फक्त..."

"आता सगल्यांना सांग. बाहुल्या कोनी केल्या?"

"त्यांनी," साहेब म्हणाला. भर थेट प्रक्षेपणात, महाराष्ट्रभर. "म्हात्र्यांनी केल्या."

गोमाजीचं तोंड फट्‌कन मिटलं. त्याच क्षणी कुणीतरी 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'ची पाटी लावून प्रक्षेपण थांबवलं असावं, कारण दिवे गेले आणि एकच पळापळ सुरू झाली.

कुलकर्णी टेबलाखालून बाहेर आले. हातात तुटका दोरा. चेहरा पांढरा फटक. "अहो, पहिल्या मिनिटापासून हा सुटा हातात आलाय... आणि मान मी वळवली नाही. हाताला कुणी धरल्यासारखं झालं." आवाज देणारा कागद पुढे करून ज्याला-त्याला दाखवत होता, "हे माझ्या कागदावर नाहीच! मी बोललोच नाही!" मी पुढे होऊन गोमाजीला उचललं. कापलेलं टोक तसंच होतं. मी बोटाने तोंड उघडलं, सोडलं... फट्‌कन मिटलं. बाकीच्यांना वाटत होतं दोरा तुटला असेल, अडकला असेल, ओढला गेला असेल. तो कार्यक्रमाआधीच कापलेला होता, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

रात्री माहेरी पोचले तर अंगणात अर्धं गाव. सगळे एकदम बोलत होते. आयला तर टीव्हीवर काय झालं ते त्यांच्याकडूनच कळलं होतं, ती बाजवळ घरीच बसून होती. तिने मला बाजूला घेतलं.

"दिवे लावले नं, तवा हा उठून बसला. आपला आपून! ओठ हलवत होता, भांडल्यासारका. आवाज कायपन नाय. मी म्हनलं, काय झालं, पानी देऊ? तर हसला गं. आनि मग च्या मागितला, हाताने."

मी बाकडे बघितलं. तो कपाला तोंड लावून चहा पीत होता. त्याने मला डोळ्यांनी विचारलं काहीतरी. काय, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. वाचा त्याची परत कधीच आली नाही.

मी पुष्कळ विचार केलाय. आवाज देणाऱ्याने नक्कल केली म्हणावं, तर त्याला बाचं पूर्ण नाव कुठून कळलं? समजा कळलं. मग तोंड कशाने उघडलं? कुलकर्णींनी आतून बोट घालून उघडलं म्हणावं, तर त्या डोक्यात बोट जायला जागाच नव्हती, मी ते डोकं घडताना बघितलंय. आणि साहेब का बोलला? बाहुल्याला कोण उत्तर देतं? चौतीस वर्षं मुलांना "पाहिलंस का" विचारत आले, आणि जे मी पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही. दोरा मी कापला, हे आज पहिल्यांदाच लिहितेय.

साहेब पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसला नाही. पुढे तो केंद्रातून गेला, आजारी असतो असं ऐकलं. मला दया आली नाही. आजही येत नाही. ज्यांना हे वाचून वाईट वाटेल त्यांना वाटू दे.

चार दिवसांनी केंद्रातला एक माणूस आमचं घर विचारत आला, बाचं नाव नीट लिहून घ्यायला. मीच लिहून दिलं. पुढच्या गुरुवारपासून तो कार्यक्रम बंद होईपर्यंत, दर आठवड्याला शेवटी पडद्यावर पाटी येत राहिली — "बाहुल्या : धर्मा गोविंद म्हात्रे".