हिरव्या फांद्यांची होडी

वेष्टनावरची बारीक अक्षरं फुसानोने दुसऱ्यांदा वाचली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, गिळलंत?"

तोकुजिरोने होकारार्थी मान हलवली. माशाच्या वड्या लेकीने, मिझुएने, मात्सुए शहरातून येताना आणल्या होत्या. बंदरातला वडीवाला माशाच्या लगद्यात नुसतं मीठ घालतो. शहरात मऊपणासाठी अंड्याचा पांढरा भागही घालतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या कुठल्या गावात ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण इथल्या देवाला, कोतोशिरोला, एका कोंबड्याने अवेळी आरवून फसवलं होतं. पहाट झाली असं समजून देव घाईने होडीत बसले, वल्हं हातून निसटलं, आणि पायाने पाणी कापताना समुद्रातल्या जनावराने त्यांच्या पायाचा लचका तोडला. तेव्हापासून बंदरात कोंबडी पाळत नाहीत, आणि उत्सवाच्या यजमानाने तर वर्षभर अंड्याला शिवायचं नसतं.

उत्सव उद्यावर आला होता.

बासष्ट वर्षांचा तोकुजिरो होड्यांची इंजिनं दुरुस्त करी. यादीत नाव घातल्यापासून यजमानपदाची पाळी यायला त्याला बावीस वर्षं लागली होती. गेलं वर्षभर नवरा-बायको व्रतात होते. पहाटे समुद्रात अंघोळ, मग मंदिर. सुतकाच्या घरी जायचं नाही, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं नाही. थोरला भाऊ गेला तेव्हा तोकुजिरो दाराशी उभा राहून अंत्ययात्रा दुरून पाहत राहिला होता. आता त्र्याण्णव वर्षांची आई खाडीपलीकडच्या इस्पितळात होती. डॉक्टरांनी मिझुएला सांगितलं होतं, दोन दिवस, फार तर तीन. उद्या व्रत सुटलं की संध्याकाळी तिच्याकडे जायचं, असं ठरलं होतं.

"बाबा, कुणाला कळणार आहे?" मिझुए रडवेली झाली होती. "चूक माझी. उद्याचा दिवस निभावून न्या."

"वेष्टन जाळून टाक," फुसानो म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता, "वर्ष एकट्या तुमचं नव्हतं. थंडीत मीही उतरत होते पाण्यात."

तोकुजिरो उठला. डोक्यावर काळी टोपी आणि अंगात यजमानाचे पांढरे कपडे होते. उद्या याच कपड्यांत त्याला उचलून होडीत बसवणार होते. कथेत शेवटी देव समुद्रात हिरव्या फांद्यांआड नाहीसे झाले, तसं त्यालाही डोळे मिटून फांद्यांच्या आडोशाला बसायचं होतं. तेवढ्या वेळापुरते देव यजमानात येत. आणि आलेच नाहीत तर? मग तो नुसता डोळे मिटलेला म्हातारा, आणि त्याच्यापुढे हात जोडून उभं सगळं गाव.

धक्क्यावर इवाओ होडीला फांद्या बांधत होता. तो गेल्या वर्षीचा यजमान. रिवाजाप्रमाणे मागच्या यजमानाला आणखी एक वर्ष सोवळ्यात राहावं लागे, नव्याचं काही बिनसलं तर म्हणून.

"काय रे, चेहरा असा का? कोंबडा आरवला की काय?" इवाओने हाक मारली. "उद्या एकदाचा मोकळा कर मला. दोन वर्षं झाली, स्वप्नात ऑम्लेट येतं. बायको म्हणते, झोपेत चावतोस."

तोकुजिरोला हसू आलं नाही. इथूनच परत फिरावं, असं एकदा मनात आलं. मग तो पायऱ्या चढून मंदिरात गेला. गुरुजी उद्याची भांडी पुसत होते. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

गुरुजींनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि इवाओला बोलावून घेतलं. ऐकता ऐकता इवाओचा चेहरा कठीण होत गेला.

"म्हणजे उद्या मी बसायचं, आणि तू आत्ताच मोकळा," तो सावकाश म्हणाला. "आईकडे जायला मोकळा. एक विचारू? मुद्दाम खाल्लंस का?"

गुरुजींनी तोकुजिरोकडे पाहिलं. तेही उत्तराची वाट पाहत होते.

नाही, हा शब्द तोकुजिरोच्या ओठांवर तयार होता. पण तो घास त्याला नीट आठवत होता. वडी दाताखाली मऊ लागली होती, आपल्या वडीपेक्षा फारच मऊ. क्षणभर जीभ थांबलीही होती.

"मुद्दाम नाही," तो म्हणाला. "पण चव वेगळी आहे, हे कळलं होतं. तरी गिळलं. का, ते मलाही सांगता येत नाही."

 मग गुरुजींनी दोन्ही हात पुढे केले. तोकुजिरोने डोक्यावरची काळी टोपी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती इवाओसमोर ठेवली. इवाओने तिला हात लावला नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"साडेअकराची बस आहे," तो खेकसला. "उभा काय राहिलायस ठोंब्यासारखा? पळ. फुसानोवहिनींना मी सांगतो."

तोकुजिरो पायऱ्या उतरून धावत सुटला. कपडे बदलायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. बातमी अजून फुटलेली नव्हती. जाळी वाळत घालणाऱ्या बायका, दुकानदार, शाळेची मास्तरीण, जो तो त्या पांढऱ्या कपड्यांना पाहून बाजूला सरत होता आणि कमरेत वाकत होता. थांबून त्यांना काही सांगायला हवं होतं. वळणावर बसचा आवाज आला, आणि तो धावतच राहिला.